वाचवता येणारी वीज वाचत का नाही?

दिवाळी उलटली की खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यातील जिनिंग कारखान्यांच्या आवारात कापसाचे पांढरे ढीग दिसू लागतात. बुलढाणा जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा. इथला कापसाचा व्यापार जुना आहे. जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला तो मुख्यतः या कापसाच्या जोरावर. त्या काळी सरकी काढणारी यंत्रे, म्हणजे रेचे, वाफेच्या इंजिनावर चालत. आज प्रत्येक रेच्याला स्वतःची विजेची मोटर असते.

अशा एखाद्या कारखान्यातून जाणकार अभियंता तासभर फिरला, तर वीज कुठे कुठे वाया जाते याची यादी तो तिथल्या तिथे करून देईल. दोन-तीनदा गुंडाळी बदललेल्या जुन्या मोटरी, सैल पडलेले पट्टे, गरजेपेक्षा जोरात फिरणारे पंखे, रेच्यातील रूळ आणि सुरी यांच्यात नको इतका दाब. यातले काहीही नवे नाही. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ते कित्येक वर्षांपासून लिहिलेले आहे. मग ज्या कामात कारखानदाराचाच पैसा वाचतो, ते काम तो करीत का नाही?

‘लोकांना कळत नाही’ हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर. आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, ते आवडतेही, कारण मग शिकवणे एवढाच उपाय उरतो. पण ते फारसे खरे नाही. जिनिंगचा मालक हिशेबात कच्चा नसतो. क्विंटलमागे दहा रुपयांचा फरक पडला तर शंभर गाठींमागे काय होईल, हे तो तोंडी सांगतो. तेव्हा अडचण ज्ञानाची कमी आणि इतर गोष्टींची अधिक आहे. त्या गोष्टी कोणत्या, हे एका मोटरीच्या निमित्ताने पाहू.

पाच अश्वशक्तीची मोटर

आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा रेचा ‘डबल रोलर’ पद्धतीचा असतो. १८४० साली अमेरिकेत मॅकार्थी याने काढलेल्या यंत्राचा तो वंशज. चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ फिरत असतात, त्यांना सुऱ्या टेकलेल्या असतात. रुळाच्या खरखरीत पृष्ठभागाला तंतू चिकटून सुरीखालून ओढले जातात, सरकी मात्र सुरीच्या कडेला अडते आणि मधल्या हलत्या पट्टीच्या ठोक्यांनी खाली पडते. म्हणजे या यंत्राचे कामच घर्षणावर चालते. त्यासाठी साधारणतः ५ अश्वशक्तीची मोटर लावलेली असते.

५ अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॅट. ही झाली मोटरीच्या दांड्यावर मिळणारी शक्ती. तारेतून आत जाणारी वीज याहून जास्त असते, कारण तांब्याच्या तारा तापतात, लोखंडी गाभा तापतो, बेअरिंग आणि हवा यांच्याशी घर्षण होते. जुन्या मोटरीची कार्यक्षमता ८० टक्के आहे असे समजू. तिला ३.७३ भागिले ०.८०, म्हणजे ४.६६ किलोवॅट लागतील. चांगल्या प्रतीच्या नव्या मोटरीची कार्यक्षमता ८८ टक्के धरू. आयएस १२६१५ या भारतीय मानकात ‘आयई ३’ वर्गाच्या ३.७ किलोवॅटच्या, चार ध्रुवांच्या मोटरीसाठी ती याच्या आसपासच आहे. तिला ४.२४ किलोवॅट पुरतील. फरक ०.४२ किलोवॅटचा. एखादा इलेक्ट्रिक इस्त्रीचा तवा अर्धवट तापत राहावा, एवढी उष्णता जुनी मोटर विनाकारण हवेत सोडते.

जुन्या मोटरीची कार्यक्षमता इतकी का घसरते? मोटर जळते, आणि मग तिचे ‘रीवाइंडिंग’ होते. जळालेली गुंडाळी सहज निघावी म्हणून पुष्कळदा मोटरीचा गाभा चक्क आगीत किंवा गॅसच्या ज्योतीवर तापवतात. हा गाभा अखंड लोखंडाचा नसतो. पातळ पत्र्यांची ती चळत असते आणि प्रत्येक पत्र्यावर वीजरोधक लेप असतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे लोखंडात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात, ते पत्र्यापत्र्यात अडवून लहान ठेवण्यासाठी हा लेप. नको इतका तापला की तो जळतो, प्रवाहांना मोकळे रान मिळते आणि गाभा तापू लागतो. भरीला हाताशी असलेली थोडी बारीक तार गुंडाळली गेली, तर तिचा रोध वाढून आणखी उष्णता. काळजीने, योग्य तापमानाला आणि मूळच्या जाडीची तार वापरून केलेल्या रीवाइंडिंगमध्ये नुकसान अगदी थोडे होते, हेही सांगायला हवे. दोष कारागिराच्या हाताचा कमी, त्याच्यामागे लावलेल्या घाईचा जास्त.

आता पैशांचा हिशेब. हंगामात रेचा २००० तास चालतो आणि वीज ९ रुपये युनिट पडते असे धरू. (युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, हे विद्यार्थ्यांना एकदा आठवण करून द्यावे, किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांतला घोटाळा बारावीपर्यंत टिकतो.) नवी मोटर हंगामात ८४० युनिट, म्हणजे ७,५६० रुपये वाचवते. तिची किंमत २२,००० रुपये असेल, तर ती जवळजवळ तीन हंगामांत वसूल होते.

हीच मोटर वर्षभर रात्रंदिवस चालणाऱ्या एखाद्या कारखान्यात, वर्षाला ८००० तास लावली असती तर? बचत ३,३६० युनिट, रुपये ३०,२४०. किंमत नऊ महिन्यांत वसूल! मोटर तीच, भौतिकशास्त्र तेच, पण एका ठिकाणी निर्णय सोपा आणि दुसऱ्या ठिकाणी घुटमळायला लावणारा. जिनिंगचा धंदा चार-पाच महिन्यांचा. उरलेले महिने मोटर धूळ खाते, आणि धूळ खाणारी मोटर काही वाचवीत नाही. ऊर्जाबचतीच्या पुस्तिकांतली उदाहरणे बहुधा सिमेंट, पोलाद, कागद अशा अखंड चालणाऱ्या उद्योगांतली असतात. ती जशीच्या तशी खामगावला आणली की मालक हसतो, आणि त्याचे हसणे अगदीच चुकीचे नसते.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. २२,००० रुपयांची नवी मोटर पहिल्याच हंगामात ४.२४ × २००० × ९, म्हणजे ७६,३२० रुपयांची वीज खाते. बैल घेताना आपण त्याची किंमत पाहतो, पण वैरणीचाही विचार करतो. मोटर घेताना मात्र फक्त किंमत पाहिली जाते. दुकानात दोन मोटरी शेजारी ठेवलेल्या असतात, एक पाच हजारांनी स्वस्त. हा पाच हजारांचा फरक तिथेच, डोळ्यांसमोर असतो. वैरणीचा फरक महिन्यामहिन्याने आणि इतर पंचवीस यंत्रांच्या बिलात मिसळून येतो.

गाठीची किंमत आणि विजेची किंमत

रुईची एक गाठ १७० किलोची. भाव किलोला १५० रुपये धरला तर गाठ २५,५०० रुपयांची झाली. कापूस आत घेण्यापासून गाठ बांधण्यापर्यंत सगळी मिळून ५० युनिट वीज लागली असे हिशेबापुरते मानू. तिचे ४५० रुपये. म्हणजे गाठीच्या किमतीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. त्या विजेतला दहावा भाग वाचवला, तर गाठीमागे ४५ रुपये पदरात पडतील.

आता रुईच्या भावात किलोला एक रुपयाचा फरक पडला तर? १७० रुपये. रुईतला ओलावा एक टक्क्याने कमी-जास्त झाला तर? गाठीत १.७ किलोचा, म्हणजे २५५ रुपयांचा फरक. सकाळी उठल्यावर मालकाचे लक्ष कुठे जाईल हे वेगळे सांगायला नको. भाव, ओलावा, कापूस घेऊन येणाऱ्या गाड्या, मजुरांची जमवाजमव यांत त्याचा दिवस जातो. लक्ष हीदेखील मर्यादित असलेली वस्तू आहे. मोठ्या कारखान्यात ‘ऊर्जा व्यवस्थापक’ नावाचा वेगळा माणूस पगारावर असतो. जिनिंगमध्ये मालक, खरेदीदार, हिशेबनीस आणि ऊर्जा व्यवस्थापक बहुतेक वेळा एकच असतो.

मात्र जो मालक स्वतः कापूस विकत न घेता मजुरीवर दुसऱ्याचा कापूस पिंजून देतो, त्याच्या दृष्टीने हेच ४५ रुपये लहान नाहीत. त्याला मिळते ती गाठीमागची मजुरी, आणि वीज हा तिच्यातला मोठा खर्च. गाठीच्या किमतीशी ताडून ‘दोनच टक्के’ म्हणायचे की मजुरीशी ताडून पाहायचे, यावर उत्तर बदलते. टक्केवारी कशाची, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी नेहमी विचारावा.

बंद पडले तर?

जानेवारीचा महिना, आवारात उघड्यावर हजारो क्विंटल कापूस, आणि आभाळ भरून आलेले. अशा वेळी रेच्याची मोटर जळाली. गावातला रीवाइंडिंगवाला ती दुसऱ्या दिवशी देतो म्हणतो. नव्या, चांगल्या प्रतीच्या मोटरीसाठी अकोला, जळगाव किंवा नागपूरकडे चौकशी करायची, ती येईपर्यंत थांबायचे, आणि आल्यावर तिची बैठक जुन्या पायाशी जुळते की नाही ते पाहायचे. मालक काय करील? जे आपण केले असते तेच. कार्यक्षम मोटर घेण्याचा सर्वांत योग्य क्षण म्हणजे जुनी जळते तो. आणि नेमका त्याच क्षणी थांबायला वेळ नसतो.

बंद पडण्याचे हे भय कारखान्यातल्या आणखी एका गोष्टीला चिकटलेले आहे. कापूस नळीतून ओढून नेणारे पंखे घ्या. पंख्याचा वेग आणि त्याला लागणारी शक्ती यांचे नाते मोठे मजेदार आहे. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट वाहते, तिचा दाब चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट, वेग २० टक्क्यांनी कमी केला तर शक्ती ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१२ पट, जवळजवळ निम्मी होते! गरजेपेक्षा मोठा बसवलेला पंखा थोडा हळू फिरवण्यासाठी पुष्कळदा एक पुली बदलणे पुरते. खर्च किरकोळ. नवी मोटर नको, कर्ज नको.

तरीही पुली बदलली जात नाही. कापूस नळीतून वाहून न्यायला हवेचा एक किमान वेग लागतो. त्याच्या खाली गेले की कापूस वळणावर साठतो आणि नळी तुंबते. तुंबली तर सगळे काम थांबणार, आणि ‘पुली कोणी बदलली?’ असा प्रश्न येणार. ज्या फिटरने ती बदलली त्याला बोलणी बसतील. नळी तुंबली नाही, वीज निम्मी झाली, तर त्याला काय मिळेल? बहुधा काहीच नाही, कारण पंख्याला वेगळा मीटर नसतो आणि बिल तो पाहत नाही. मग शहाणा फिटर काय करील? पंखा आहे तसा फिरू देईल. माझ्या मते जिनिंगच काय, अनेक कारखान्यांतल्या वाया जाणाऱ्या विजेचा मोठा भाग असा, आपापल्या जागी शहाणपणाने वागणाऱ्या माणसांच्या मधोमध सांडतो.

असाच प्रकार भाड्याच्या कारखान्यांत होतो. जिनिंग कारखाना एखाद-दुसऱ्या हंगामासाठी चालवायला घेण्याची पद्धत आहे. मोटर मालकाची, वीजबिल चालवणाऱ्याचे. मालकाने नवी मोटर बसवली तर फायदा भाडेकरूला. भाडेकरूने बसवली तर पुढच्या वर्षी ती इथेच राहणार. दोघांचेही म्हणणे बरोबर, आणि मोटर जुनीच.

बिलावर दिसते ते सुधारते

या सगळ्याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो फार बोलका आहे. जवळजवळ प्रत्येक कारखान्यात विजेच्या मुख्य फळ्याशेजारी कपॅसिटरची पेटी बसवलेली दिसते. ती ‘पॉवर फॅक्टर’ सुधारण्यासाठी असते. मोटरीला चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी जो प्रवाह लागतो तो प्रत्यक्ष काम करीत नाही. प्रत्येक आवर्तनात तारांतून नुसता ये-जा करतो. त्याच्यामुळे वीज कंपनीच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर मात्र अडून राहतात आणि तापतात. कपॅसिटर हा प्रवाह मोटरीजवळच पुरवतो. भौतिकशास्त्र म्हणून पाहिले तर पॉवर फॅक्टर ही कार्यक्षमतेपेक्षा कितीतरी अवघड कल्पना. अनेक पदवीधर तिथे अडखळतात.

मग कमी शिकलेल्या मालकानेही कपॅसिटर कसे बसवले? कारण वीजमंडळाच्या काळापासून पॉवर फॅक्टर बिलावर छापून येत आला. कमी असला तर दंडाची रक्कम, चांगला असला तर सवलतीची, अशी वेगळी ओळच असे. पुढे १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणीच केव्हीएएच या एककात होऊ लागली, ज्यात हा ये-जा करणारा प्रवाह मुळातच मोजला जातो. मालकाला व्हेक्टरच्या आकृत्या कळण्याची गरज पडली नाही. बिलावरची ओळ पुरली. ‘तुमच्या सात नंबरच्या मोटरीने या महिन्यात २१० युनिट जादा खाल्ले’ अशी ओळ बिलावर आजवर कधी आलेली नाही.

जाता जाता दिव्यांविषयी. २०१५ साली ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केल्याने एलईडी दिव्याचा खरेदीचा दर सुमारे ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला. आज कारखान्यांतही नळ्या जाऊन एलईडी आलेले दिसतात. दिवा बदलताना काम थांबत नाही, आणि बदललेला दिवा सर्वांना दिसतो. ४० वॅटच्या ५० नळ्यांऐवजी २० वॅटचे दिवे लावले तर एक किलोवॅट वाचतो. २४ रेच्यांच्या मोटरी बदलल्या तर आपल्या वरच्या हिशेबाने दहा. चांगली गोष्ट सोपी असेल तिथे आधी होते, मोठी असेल तिथे नव्हे.

कॉर्नवॉलच्या खाणीतली गोष्ट

ही अडचण विजेहूनही जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७१२ पासून न्यूकमेनचे वाफेचे इंजिन खाणींतले पाणी उपसत होते. ते कोळसा अघोरी खात असे. जेम्स वॉटने वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र जोडण्याची कल्पना काढून १७६९ साली पेटंट घेतले. त्याचे इंजिन तेवढ्याच कामाला पुष्कळच कमी कोळशावर भागवी. आपल्या पाठ्यपुस्तकांत गोष्ट इथे संपते, जणू सगळ्यांनी लगोलग वॉटचे इंजिन घेतले.

तसे झाले नाही. कोळशाच्या खाणींच्या तोंडाशी न्यूकमेनची इंजिने पुढेही कित्येक वर्षे धडधडत राहिली. तिथे विकला न जाणारा चुरा फुकट मिळे; फुकट कोळसा वाचवण्यासाठी महाग इंजिन कोण घेणार? कॉर्नवॉलमध्ये मात्र तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या, कोळसा अजिबात नव्हता. तो समुद्रमार्गे वेल्समधून आणावा लागे. वॉटच्या इंजिनाला खरे गिऱ्हाईक तिथे भेटले.

तिथेही किंमत आडवी आलीच. त्यावर वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी काढलेली युक्ती आजही नवी वाटावी अशी आहे. न्यूकमेनच्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हाला द्या, असा करार. बचत झाली तरच पैसे. पण बचत मोजायची कशी? त्यांनी इंजिनाच्या तुळईला आवर्तने मोजणारे यंत्र जोडले आणि ते कुलूपबंद पेटीत ठेवले, म्हणजे कोणी त्याच्याशी खेळ करू नये. तरी भांडणे झाली, पैसे थकले, खटले चालले. न जळलेल्या कोळशाचे पैसे देणे माणसाला जड जाते.

१८०० साली पेटंट संपले. आता सगळे मोकळे झाले, तेव्हा सुधारणेला वेग यायला हवा होता. आला नाही, उलट कॉर्नवॉलची इंजिने ढिली पडू लागली. १८११ साली तिथल्या जोएल लीन या खाण-व्यवस्थापकाने एक मासिक पत्रक सुरू केले. त्यात प्रत्येक इंजिनाने ठरावीक मापाच्या कोळशात किती पाणी किती उंच उचलले, याचा आकडा खाणीच्या आणि अभियंत्याच्या नावासह छापला जाई. बक्षीस नाही, दंड नाही, फक्त आकडा आणि नाव. अभियंत्यांत चुरस लागली. कोणी बाष्पक बदलला, कोणी नळ्यांना आच्छादन घातले, कोणी वाफेचा दाब वाढवला, आणि कोणी काय केले ते पुढच्या महिन्यात सर्वांना कळे. १८४० च्या दशकापर्यंत तिथल्या इंजिनांचे सरासरी काम तिपटीहून अधिक वाढले. चांगल्या फिटरला त्याचे श्रेय मिळण्याची सोय त्या पत्रकाने केली होती.

कायदे, सवलती आणि फायली

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. राज्यात त्याचे काम ‘महाऊर्जा’ पाहते. २०१२ साली सुरू झालेल्या ‘पॅट’ योजनेत मोठ्या उद्योगांना ऊर्जा-वापराची लक्ष्ये दिली गेली. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले ४७८ कारखाने होते. लहानशा जिनिंगला किंवा डाळ मिलला असल्या योजनेत जागा नसते. त्यांच्या वाट्याला येते ते ऊर्जा-परीक्षण आणि त्याचा जाडजूड अहवाल. त्यातल्या पंचवीस शिफारशींपैकी पहिली कोणती आणि ती कोण करणार, हे सहसा त्यात नसते. बँकेकडे कर्ज मागायला गेले तर नव्या यंत्रासाठी मिळते, कारण यंत्र उत्पादन वाढवते; ‘खर्च कमी होईल’ या आशेवर मिळणे अवघड.

सरकारी धोरणेही कधी एकमेकांच्या पायांत येतात. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून अनेक जिनिंग कारखाने आधुनिक झाले. त्याचा रोख रुई स्वच्छ राहण्यावर होता, आणि ते रास्तच होते. पण टोपल्यांतून डोक्यावर वाहून नेला जाणारा कापूस यंत्राने वाहून नेला जाऊ लागला म्हणजे मोटरी वाढल्याच. २०१६ मध्ये राज्य शासनाने विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत जाहीर केली. मागास भागातले कारखाने टिकावेत हा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र युनिट जितके स्वस्त, तितकी मोटर बदलण्याची निकड कमी. खाणीच्या तोंडाशी फुकट चुरा मिळाला की काय होते ते आपण पाहिलेच.

आणि यात समाजाचे जे नुकसान आहे ते तर कोणाच्याच बिलावर नसते. खामगावहून पारसचे औष्णिक वीजकेंद्र दूर नाही. अशा केंद्रात कोळशातल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागाचीच वीज होते, आणि तारांतून येताना तीही थोडी गळते. म्हणून रेच्यापाशी एक युनिट वाचले की केंद्राच्या भट्टीत तीन युनिटांहून अधिक उष्णतेचा कोळसा जळायचा राहतो. त्याची राख उडत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड हवेत जात नाही. मालकाच्या खिशात मात्र एकाच युनिटाचे नऊ रुपये.

वर्गात आणि कारखान्यात

मोजणे किती सोपे असते हे वर्गात दाखवता येते. शाळेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. सगळे बंद करून फक्त पाण्याचा पंप चालवा आणि ३० सेकंदांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ४० वेळा लुकलुकला तर ३० सेकंदांत ४० भागिले ३२००, म्हणजे ०.०१२५ युनिट खर्च झाले. तासात अशी १२० अर्धी मिनिटे. म्हणून पंप १.५ किलोवॅट खातो. आता पंपाची पाटी वाचा. त्यावर एक अश्वशक्ती, म्हणजे ०.७५ किलोवॅट लिहिले असेल, तर पुढचा प्रश्न मुलेच विचारतील.

हेच कारखान्यात करण्याची योग्य वेळ म्हणजे पावसाळा. रेचे उघडून चामड्याचे रूळ बदलले जातात, कापूस नसतो, घाई नसते. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. शेजारशेजारच्या दोन रेच्यांपैकी एकावर नवी मोटर, दुसऱ्यावर रीवाइंडिंगची जुनी, आणि दोघींना आपापला छोटा मीटर. विद्यार्थ्यांनी हंगामभर दर आठवड्याला दोन आकडे आणि निघालेल्या रुईचे वजन लिहून कारखान्याच्या दारावर लावायचे. आमच्या हिशेबाप्रमाणे शेवटी ८४० युनिटांचा फरक दिसायला हवा. पण रेचा पूर्ण भाराने सतत चालत नाही, त्यामुळे कदाचित ४०० युनिटच दिसतील. तसे झाले तर वर्षाची बचत ३,६०० रुपये, मोटर वसूल व्हायला सहा हंगाम, आणि ती न बदलणाऱ्या मालकाचे म्हणणे त्या रेच्यापुरते बरोबर ठरेल. मग नव्या मोटरीचा विचार बाजूला ठेवून विद्यार्थ्यांनी आपला मीटर पंख्याकडे न्यावा.